जाहिरात न देता मुंबईतलं घर विकताना: पहिल्या शब्दापासून शेवटच्या किल्लीपर्यंत

आमचं मुलुंड पूर्वेचं घर विकायचं ठरलं तेव्हा आईने एकच अट घातली. "रोज अनोळखी माणसं चपला घालून स्वयंपाकघरापर्यंत येतील, ते मला जमणार नाही." ती तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, घरात एकटी राहत होती आणि दारावरची बेल वाजली की घाबरत होती. म्हणून पोर्टलवर फोटो नाहीत, गॅलरीला पाटी नाही, दहा ब्रोकरांना किल्ली नाही, असं ठरवूनच आम्ही ते घर विकलं. त्यानंतर दोन नातेवाइकांची घरं याच पद्धतीने विकायला मदत केली. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे.

जाहिरात टाळायची कारणं घरोघर वेगळी असतात. कुणाकडे आजारी माणूस असतं, कुठे नवरा-बायको वेगळे होत असतात, कुणाला भाडेकरूला आधीपासून अस्वस्थ करायचं नसतं, तर कुणाला बिल्डिंगमधली चर्चाच नको असते. सगळी कारणं रास्त आहेत. पण एक गोष्ट आधी समजून घ्या. जाहिरात दिली की बाजार आपल्यासाठी दोन कामं करतो: भाव सांगतो आणि गिऱ्हाईक आणतो. जाहिरात नको म्हटलं की ही दोन्ही कामं आपल्या अंगावर येतात. ती करायची तयारी नसेल तर घर शांतपणे विकलं जाईल, पण स्वस्तात जाईल. पैशांची तातडी असेल, किंवा घर अशा मोठ्या संकुलात असेल जिथे तशीच वीस घरं पोर्टलवर दिसताहेत, तर हा मार्ग धरू नका.

दुसरं, खाजगी विक्री म्हणजे गुप्त विक्री नव्हे. व्यवहाराची नोंदणी होते, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) कुणालाही बघता येतो, सोसायटीला कळवावं लागतं आणि बहुतेक वेळा वर्तमानपत्रात नोटीसही येते. आपण टाळतो ती गर्दी. कागद उघडेच राहतात, आणि ते तसेच राहायला हवेत.

आधी कागद, मग माणसं

मी हे पहिल्यांदा का सांगते आहे, ते आमच्या चुकीवरून कळेल. घर आई-बाबांच्या जोडनावावर होतं. बाबा गेल्यावर आई नॉमिनी होती, मेंटेनन्सचं बिल तिच्या नावाने येत होतं, त्यामुळे सगळं झालं असं आम्ही धरून चाललो. पहिलं गिऱ्हाईक आलं, घर आवडलं, भाव जवळपास ठरला. मग त्यांच्या वकिलांनी शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला मागितला. त्यावर बाबांचं नाव तसंच होतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीने वारसांच्या वतीने ते घर सांभाळायचं असतं. बाबांच्या हिश्श्यात आईबरोबर मी आणि माझा भाऊही वारस होतो. आम्ही दोघांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं, सोसायटीच्या बैठकीत ते मंजूर झालं, सर्टिफिकेटच्या मागे नोंद झाली. या सगळ्याला सात आठवडे गेले आणि तेवढ्यात त्या कुटुंबाने दुसरं घर घेतलं.

जाहिरात दिलेल्या विक्रीत एक गिऱ्हाईक गेलं तर मागे रांग असते. आपल्याकडे एका वेळी दोन-तीनच जण असतात. म्हणून त्यांच्या वकिलाने काही मागितलं की ते त्याच दिवशी काढून दाखवता आलं पाहिजे.

एका फायलीत काय हवं? पहिल्या मालकाने बिल्डरशी केलेल्या करारापासून तुमच्यापर्यंतचे सगळे करार, म्हणजे ज्याला सगळे 'चेन' म्हणतात ती. प्रत्येक कराराची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू. मूळ शेअर सर्टिफिकेट. इमारतीची ओसी (राहायला परवानगी देणारा दाखला) आणि मंजूर नकाशा. हे तुमच्याकडे नसेल तर सोसायटीच्या कार्यालयातून प्रती घ्या. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं, किंवा बिल्डरने ते केलं नाही तर सरकारकडून मिळणारं डीम्ड कन्व्हेयन्स झालं आहे का, त्याची माहिती. मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि विजेची ताजी बिलं. कधीकाळी कर्ज घेतलं असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि बँकेने परत केलेल्या मूळ कागदांची यादी. हे पत्र हमखास हरवलेलं असतं. बँकेची ती शाखा आता दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते आणि जुनं खातं शोधण्यात महिना जातो. आजच अर्ज करा.

मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, असा रस्ता आहे. जुन्या करारावर स्टॅम्प ड्युटी कमी भरली असेल किंवा नोंदणीच झाली नसेल, तर ते गिऱ्हाईक शोधण्याआधी वकिलाला दाखवा. बाहेरगावी असलेल्या भावंडाची सही लागणार असेल तर कुलमुखत्यारपत्राची तयारीही आधीच करा. परदेशात असेल तर तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात सही होते आणि इथे आल्यावर त्यावर मुदतीत मुद्रांक लावावा लागतो.

म्हाडाचं घर, झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर, कलेक्टरच्या जमिनीवरची सोसायटी किंवा पागडीची खोली यांपैकी काही असेल तर हा लेख अर्धाच उपयोगी पडेल. तिथे आधी त्या-त्या प्राधिकरणाची परवानगी लागते, काही घरांना ठराविक वर्षं विकण्याची बंदी असते, आणि पागडीत घरमालकाची संमती आणि त्याचा हिस्सा आल्याशिवाय भाडेपावती नव्या नावावर होत नाही. पुनर्विकासाचा करार झाला असेल तरही विकलं जातं ते नव्या घराच्या हक्कासकट. त्याचा मसुदा त्यातल्या जाणकार वकिलाकडूनच करून घ्या.

भाव स्वतः काढायचा

बाबांचे एक जुने मित्र वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या मुलाला आमचं घर हवं होतं. त्यांनी एक आकडा सांगितला आणि आई लगेच हो म्हणायला निघाली. ओळखीची माणसं, घरचाच व्यवहार, शेजार तुटायला नको. मी फक्त आठ दिवस मागितले आणि सरकारी नोंदी काढून बसले. आमच्याच इमारतीत, आमच्यापेक्षा खालच्या मजल्यावरचा तेवढाच फ्लॅट चौदा महिन्यांपूर्वी त्याहून बऱ्याच जास्त दराने नोंदला गेला होता. काकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या डोक्यात पाच वर्षांपूर्वीचा भाव होता, एवढंच.

नोंदी काढायची पद्धत सांगते. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्च आहे. त्यात जिल्हा, वर्ष, गावाचं नाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकायचा. मुंबईत हा बहुतेक ठिकाणी सीटीएस नंबर (जमिनीचा नगर भूमापन क्रमांक) असतो आणि तो तुमच्या करारात मिळतो. त्या क्रमांकावरच्या दस्तांची यादी येते. प्रत्येक दस्ताच्या इंडेक्स टूमध्ये मोबदला, सरकारी बाजारमूल्य, क्षेत्रफळ, मजला आणि तारीख असते. तुमच्या इमारतीच्या आणि शेजारच्या दोन-तीन इमारतींच्या गेल्या दोन वर्षांच्या नोंदी वहीत उतरवा. भाडेकरार आणि गहाणखतं बाजूला काढा.

क्षेत्रफळ बघताना सांभाळा. काही दस्तांत कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) लिहिलेलं असतं, काहींत बिल्ट-अप (भिंती धरून). जुन्या इमारतींत बिल्ट-अपला १.२ ने भागून कार्पेटचा अंदाज काढायची रीत आहे. सगळे आकडे कार्पेटच्या चौरस फुटावर आणले की मगच तुलना खरी होते. त्यानंतर पार्किंग, मजला, लिफ्ट, रस्त्याचा आवाज, गळती आणि पुनर्विकासाची चर्चा यांचा हिशेब धरा. शंका राहिली तर नोंदणीकृत मूल्यांककाकडून अहवाल घ्या. भावंडांत वाटणी होणार असेल तर तो अहवाल मला आवश्यकच वाटतो. कारण उघडा बाजार नसताना 'तू स्वस्तात घालवलंस' हा आरोप वर्षानुवर्षं टिकतो.

रेडी रेकनर, म्हणजे स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेले दरही बघा. त्या भागात बाजारभाव रेडी रेकनरच्या वर असेल तर अडचण नाही. पण रेडी रेकनरचं मूल्य करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं, तर विकणाऱ्याचा भांडवली नफा रेडी रेकनरच्या मूल्यावर धरला जातो, आणि घेणाऱ्यालाही फरकावर कर लागू शकतो. नात्यातल्या किंवा ओळखीतल्या विक्रीत ही चूक फार होते.

शेवटी तीन आकडे कागदावर लिहा: मागायचा, मनातला आणि ज्याच्या खाली जायचं नाही तो. घरात ज्यांची सही लागणार आहे त्या सगळ्यांनी तो कागद बघायला हवा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना भावाने फोनवर वेगळा आकडा सांगितला की पुढची बोलणी तुमच्या हातात राहत नाहीत.

कुणाच्या कानावर घालायचं

मुंबईत घर घेणारा माणूस पुष्कळदा जवळपासच राहत असतो. मुलांची शाळा, आईवडिलांचं घर, स्टेशनचं अंतर यांमुळे लोक विभाग सोडायला तयार नसतात. त्यामुळे शोधही तिथूनच सुरू करायचा.

सगळ्यात आधी भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याला विचारा. त्याला दोन घरं जोडून घ्यायची असतील तर तुमचं घर त्याला इतर कुणापेक्षा जास्त मोलाचं आहे. (घरं जोडायला महापालिकेची परवानगी लागते, ते त्याचं त्याला बघू द्या.) मग इमारतीत भाड्याने राहणारी कुटुंबं. त्यांना पाण्याच्या वेळेपासून गच्चीच्या गळतीपर्यंत सगळं ठाऊक असतं. मग वन बीएचकेमधून टूमध्ये जायला बघणारे, आणि ज्यांचा मुलगा किंवा मुलगी लग्नानंतर जवळपासच घर शोधते आहे ते. मुंबई सोडून डोंबिवली-बदलापूरला गेलेले आणि आता परत यायची ऐपत आलेलेही असतात.

त्यांच्यापर्यंत पोचवणारी माणसं वेगळी. फॅमिली डॉक्टर, मुलांचे क्लास घेणाऱ्या बाई, सीए, एलआयसीचा जुना एजंट, गणेशोत्सव मंडळातला सगळ्यांना ओळखणारा एक जण, आईच्या भजनी मंडळातल्या बायका. आमच्या बाबतीत दुवा ठरल्या त्या वाचनालयात आईला भेटणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांची जुनी विद्यार्थिनी घर शोधत होती.

असे पाच ते सात जण निवडा. वीस नव्हे. प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर सांगा. लिहूनच पाठवायचं असेल तर एवढंच पाठवा:

"मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, टू बीएचके आहे. आम्ही जाहिरात देत नाही. तुमच्या माहितीतलं कुणी खरंच शोधत असेल तर त्यांचं नाव आधी मला कळवा, मग मीच त्यांना फोन करेन. कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका."

यात इमारतीचं नाव नाही, किंमत नाही, फोटो नाही. नंबर समोरच्याचा आपण घ्यायचा, आपला द्यायचा नाही. या एका नियमाने आईचा फोन शांत राहिला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र अजिबात टाकू नका. ग्रुपमधल्या कुणाचा तरी मेहुणा ब्रोकर असतो आणि संध्याकाळपर्यंत तुमचं घर चार ठिकाणी फिरत असतं.

वॉचमनला अंधारात ठेवू नका. तो रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघतो, त्याला कळणारच असतं. आपण होऊन सांगितलं, 'पाहुणे येतील ते मला विचारूनच वर पाठवा, आणि बाहेर बोलू नका,' तर तो सांभाळून घेतो. सेक्रेटरीलाही विश्वासात घ्या, कारण पुढे त्यांच्याकडेच जायचं आहे.

महिना-दीड महिन्यात काही हलत नसेल तर एकच ब्रोकर नेमा. मुंबईत ब्रोकर एकमेकांत घरं फिरवतात, म्हणून तोंडी 'जाहिरात नको' पुरत नाही. पत्र करा: मुदत ६० किंवा ९० दिवस, पोर्टलवर आणि समाजमाध्यमांवर टाकायचं नाही, दुसऱ्या ब्रोकरला द्यायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, गिऱ्हाईक आणण्याआधी त्याचं नाव सांगायचं, आणि ब्रोकरेज नोंदणी झाल्यावरच. ब्रोकरेज साधारण एक ते दोन टक्के मागितलं जातं; दीड कोटीच्या घरावर दीड ते तीन लाख. चांगला ब्रोकर बँकेची आणि नोंदणीची धावपळही करतो, म्हणून ते पैसे फुकट जातात असं मला वाटत नाही. पण काय-काय करणार ते पत्रात लिहून घ्या.

घर दाखवणं

दार उघडण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा. स्टॅम्प ड्युटी धरून बजेट किती? कर्ज घेणार असाल तर मंजुरीपत्र हातात आहे का? आधी स्वतःचं घर विकायचं आहे का? ताबा कधी हवा?

पहिला प्रश्न मुद्दाम तसा विचारायचा. मुंबईत सध्या मेट्रो अधिभार धरून ६ टक्के स्टॅम्प ड्युटी आहे. घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत. वर नोंदणी फी, ती जास्तीत जास्त ३०,००० रुपये. दीड कोटीच्या घराला हे नऊ लाख तीस हजार होतात. यासाठी बँक सहसा कर्ज देत नाही. कितीतरी जण हे विसरून बजेट सांगतात आणि कराराच्या आठवड्यात भाव पाडायला येतात.

आठवड्यातून दोनच भेटी ठेवा, दिवसाउजेडी, आणि घरात आपल्यापैकी कुणीतरी हजर असताना. आईला त्या वेळी आम्ही शेजारी चहाला पाठवायचो. कपाटं आवरून, दागिने आणि कागदपत्रं बँकेत ठेवून द्या. गळती असेल, पाणी दिवसातून एकदाच येत असेल, वरच्या मजल्यावर काम चालू असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. ओळखीतून आलेल्या माणसाला पावसाळ्यात ते कळणारच आहे, आणि मधल्या माणसाला तोंडघशी पाडल्याचं वाईट वाटत राहतं.

कागद पहिल्या भेटीत फक्त दाखवायचे, द्यायचे नाहीत. व्यवहार पक्का होत आला की झेरॉक्स द्या, आणि प्रत्येक पानावर आडवं लिहा: कुणाला, कोणत्या तारखेला, फक्त तपासणीसाठी. घराच्या कागदांच्या प्रतींवरून खोटे करार करून कर्ज उचलण्याचे प्रकार या शहरात झालेले आहेत. आधार कार्डाची प्रत व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

बोलणी आणि टोकन

ओळखीतल्या व्यवहारात 'थोडे रोख घ्या' हे फार सहज म्हटलं जातं. घेऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला, म्हणजे इथे विकणाऱ्याला होतो. शिवाय वाटणी असेल तर ती रोकड कुणी मोजली आणि कुणाकडे राहिली, यावर भावंडं कायमची दुरावलेली मी पाहिली आहेत.

टोकन, म्हणजे व्यवहार पक्का करण्याची आगाऊ रक्कम, बँकेतून घ्या आणि त्याच दिवशी दोन पानांचं टोकन पत्र करा. त्यात किंमत, पार्किंग आणि घरातल्या कोणत्या वस्तू किमतीत धरल्या आहेत ते, करार नोंदवायची शेवटची तारीख, पैशांचे हप्ते, ताब्याची तारीख, आणि व्यवहार मोडला तर टोकनचं काय, हे सगळं असावं. शेवटच्या मुद्द्याचे तीन भाग करा: घेणाऱ्याने मोडला तर, विकणाऱ्याने मोडला तर, आणि कर्ज नाकारलं गेलं किंवा कागदांत दोष निघाला तर. तिसऱ्या बाबतीत टोकन पूर्ण परत करावं, असं माझं मत आहे. टोकन घेतलं की इतरांना घर दाखवणं बंद करा आणि ज्यांनी शब्द टाकला होता त्या सगळ्यांना फोन करून तसं सांगा.

दोन्ही बाजूंना एकच वकील, ही काटकसर करू नका. तुमचा वकील वेगळा हवा, भले समोरचा तुमचा आतेभाऊ असो.

नोटीस, करार, नोंदणी

इथे खाजगीपणाची खरी परीक्षा होते. घेणाऱ्याचे वकील साधारण ३० वर्षांच्या नोंदींचा सर्च (मालकीची तपासणी) घेतात आणि बहुतेक वेळा एका मराठी व एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात: या घरावर कुणाचा हक्क असेल तर अमुक दिवसांत कळवा. ही मुदत सहसा १४ दिवसांची असते. नोटिशीत फ्लॅट नंबर, इमारत आणि बरेचदा मालकाचं नावही येतं. किंमत येत नाही. ती नोटीस अडवू नका; तीच घेणाऱ्याचं आणि पुढे तुमचंही संरक्षण आहे. फक्त दोन गोष्टी आधी ठरवा. टोकन झाल्याशिवाय नोटीस द्यायची नाही, आणि मजकूर छापण्याआधी तुम्हाला दाखवायचा. ज्या नातेवाइकांना बातमी पेपरातून कळू नये असं वाटतं, त्यांना आदल्या आठवड्यात स्वतः सांगा. आम्ही बाबांच्या धाकट्या भावाला सांगायचं विसरलो. त्यांना ते पेपरात दिसलं आणि आईला त्यांची समजूत घालायला फार दिवस लागले.

मुंबईत साधारण रीत अशी: घेणारा स्टॅम्प ड्युटी भरतो, स्वतःच्या वाट्याची रक्कम देतो, करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवला जातो, मग त्याची बँक उरलेली रक्कम देते आणि पूर्ण पैसे आल्यावर ताबा. सही केल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करायची असते. दोन्ही पक्ष, दोन साक्षीदार, ओळखपत्रं, पॅन. फोटो आणि अंगठे तिथेच घेतले जातात. वेळ आधी आरक्षित करा, नाहीतर वृद्ध माणसाला बाकावर तासन्‌तास बसावं लागतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधक कार्यालयाकडून घरी येऊन नोंदणी करून घेण्याची सोय आहे. त्याचा अर्ज आणि फी वेगळी.

करारात एक ओळ अवश्य घाला: पूर्ण पैसे खात्यात जमा होईपर्यंत ताबा आणि मूळ कागद विकणाऱ्याकडे. बँक त्याआधीच मूळ कागद मागत असेल तर ते चेक किंवा डिमांड ड्राफ्ट हातात घेऊनच द्या आणि पानं मोजून पोच घ्या. तुमच्या घरावर अजून कर्ज असेल तर घेणाऱ्याची बँक आधी ते फेडते. त्यासाठी तुमच्या बँकेचं थकीत रकमेचं पत्र आणि तिच्याकडे ठेवलेल्या कागदांची यादी लागते.

सोसायटी

आदर्श उपविधींप्रमाणे (सरकारने सोसायट्यांसाठी आखून दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे), घर हस्तांतरित करायचा इरादा असल्याची १५ दिवसांची नोटीस सोसायटीला ठरलेल्या नमुन्यात द्यायची, सोबत घेणाऱ्याची संमती. विक्रीसाठी सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र) उपविधींनुसार आवश्यक नाही, पण कर्ज देणारी बँक स्वतःच्या नमुन्यात ती मागतेच. म्हणून थकबाकी शून्य करून लवकर अर्ज करा.

पैशांबाबत ठाम राहा. हस्तांतर फी ५०० रुपये, नव्या सभासदाची प्रवेश फी १०० रुपये, आणि महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. 'बिल्डिंग फंड' किंवा 'स्वेच्छा देणगी' म्हणून लाखभर मागितले जातात. ते कायद्यात बसत नाही. भांडायची गरज नसते, 'लेखी मागणी द्या' एवढं म्हटलं की बहुतेक वेळा विषय थांबतो.

घेणारा कोणत्या धर्माचा, जातीचा, काय खातो, यावरून सभासदत्व नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तो सभासद झाला असं कायदा मानतो. विकणाऱ्याने तरी या चौकशा पुढे नेऊ नयेत.

कर

किंमत किंवा रेडी रेकनरचं मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस (किमतीतूनच आधी कापायचा आयकर) कापून तुमच्या पॅनवर भरायचा असतो. विकणारे दोघे-तिघे असले तरी मर्यादा एकूण किमतीला लागते. प्रत्येकाच्या हिश्श्याचा टीडीएस त्याच्या पॅनवर गेला का, ते ताबा देण्याआधी तपासा. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर हा एक टक्का लागू होत नाही. कापणी बरीच जास्त होते आणि कमी कापणीचं प्रमाणपत्र आधी काढावं लागतं. भाऊ परदेशात असेल तर हे टोकनच्या आधी सीएला विचारा.

घर २४ महिन्यांहून जास्त काळ तुमचं असेल तर नफा दीर्घकालीन. वारशाने आलेल्या घरात आधीच्या मालकाचा काळ आणि त्याची खरेदी किंमत धरली जाते. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के, इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून न धरता. त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयाला इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा हिशेबही करून बघता येतो आणि ज्यात कर कमी तो धरता येतो. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येतं. त्यासाठी मूल्यांककाचा अहवाल लागतो. नफा दुसऱ्या घरात गुंतवून कर वाचवायचा असेल तर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम. ठराविक सरकारी बाँडमध्ये सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत रक्कम पाच वर्षांसाठी ठेवता येते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर ठरलं नसेल तर रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावी लागते. साध्या मुदत ठेवीत ठेवून सूट गमावणारे लोक मला दरवर्षी भेटतात.

ताबा

शेवटचा पैसा जमा झाल्याचं बँकेच्या ॲपवर स्वतः बघा. समोरच्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट पुरेसा नाही. मग ताबापत्र दोन प्रतींत, त्यावर वीजमीटरचं आणि गॅसमीटरचं त्या दिवशीचं रीडिंग. मुलुंडला वीज महावितरणची आहे, शहरात बेस्टची, बऱ्याच उपनगरांत अदानी किंवा टाटाची. नाव बदलण्याचा अर्ज त्याच दिवशी सही करून देऊन टाका. महानगर गॅसचंही तसंच. पार्किंगचं स्टिकर, इंटरकॉम, सोसायटीच्या ॲपवरचं तुमचं नाव काढून घ्या. बँक, पेन्शन, मतदार यादी आणि पोस्टातला पत्ता बदला. जुन्या पत्त्यावर येणारी पत्रं ठेवून द्यायला नव्या मालकांना सांगून ठेवा.

आणि किल्ल्या मोजा. आईच्या घराची एक किल्ली समोरच्या काकूंकडे होती, एक कामाला येणाऱ्या मावशींकडे, एक भावाच्या जुन्या बॅगेत. तिन्ही गोळा करायला दोन दिवस लागले. काकूंनी त्यांची किल्ली ओल्या कुंकवाचं बोट लावून आईच्या हातात दिली, आणि आईने तीच किल्ली घर घेणाऱ्या त्या मुलीच्या हातात ठेवली.